सार्जंट कार्टर यांची तीन किरकोळ पदके

आमच्या सीमाभागात मराठा लाइट इन्फंट्रीशी काही ना काही नाते नसलेले गाव विरळाच. बेळगावला रेजिमेंटचे केंद्र असल्यामुळे भिंतीवरच्या तसबिरीखाली रंगीत फितींची पदके टांगलेली घरे इकडे पुष्कळ. त्यांतले कोणते शौर्याचे आणि कोणते नुसत्या हजेरीचे, हे घरातल्या नातवंडांना बहुधा सांगता येत नाही. इतिहासाची पुस्तकेही शौर्यपदकांपाशीच थांबतात. अमुक मोहिमेवर होता, तमुक वर्षे बिनतक्रार चाकरी केली, एवढेच सांगणारी पदके त्यांच्या लेखी किरकोळ. माझे मत निराळे आहे. माणसाच्या नावाला लागलेला डाग पुसायची वेळ येते तेव्हा हीच किरकोळ पदके साक्षीला उभी राहतात. याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. मात्र त्याचा एक धागा कलकत्त्याला जातो आणि दुसरा आपल्या मराठा पलटणीच्या जवळून.

एडवर्ड कार्टर यांचा जन्म २६ मे १९१६ रोजी लॉस एंजेलिसला झाला. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी, आई कलकत्त्याची. बालपणाचा काही काळ भारतात गेला, पुढे बिऱ्हाड शांघायला हलले. हिंदी आणि चिनी या भाषा मुलाच्या तोंडी आपसूक बसल्या. पंधराव्या वर्षी हा पोरगा घरातून पळाला आणि जपान्यांशी लढणाऱ्या चिनी फौजेत दाखल झाला. वय कमी आहे हे उघड झाल्यावर त्याला परत धाडण्यात आले. नंतर स्पेनमध्ये यादवी पेटली, तेव्हा फ्रँकोविरुद्ध लढायला गेलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या लिंकन ब्रिगेडमध्ये हे गृहस्थ होतेच! रणांगणाची ओढ काही जणांच्या रक्तातच असते, दुसरे काय म्हणावे?

२६ सप्टेंबर १९४१ रोजी कार्टर अमेरिकन सैन्यात रीतसर भरती झाले. आधीच्या अनुभवामुळे वर्षभरात स्टाफ सार्जंटही झाले. पण त्याच सुमारास, १९४२ मध्ये, सैन्याच्या गुप्तवार्ता खात्याने त्यांच्या नावाची एक फाइल उघडली. स्पेनमध्ये लढला म्हणजे कम्युनिस्टांच्या संगतीतला असणार, हा मुख्य संशय. त्याला जोड म्हणून त्यांचे चीनमधले वास्तव्य आणि हिंदी-चिनी भाषांचे ज्ञान हेही खटकले. दोन भाषा जिभेवर वागवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. जी गोष्ट शिपायाच्या गुणांत मांडायला हवी होती, ती संशयाच्या खात्यावर मांडली गेली. आणि यातले एक अक्षरही कार्टर यांना कोणी सांगितले नाही.

त्या वेळी अमेरिकन सैन्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. कृष्णवर्णीयांना बहुतेक करून सामानसुमान वाहणे, रस्ते बांधणे, ट्रक हाकणे हीच कामे मिळत. कार्टरही १९४४ मध्ये युरोपात पोचले ते एका ट्रक कंपनीबरोबर. त्या हिवाळ्यात आर्डेनच्या जंगलातल्या लढाईत पायदळाची माणसे कमी पडली, तेव्हा पिछाडीच्या तुकड्यांतून स्वयंसेवक मागवण्यात आले. अट अशी होती, की कृष्णवर्णीय नाइकाने वा सार्जंटाने आपल्या फिती उतरवून साधा शिपाई म्हणून आघाडीवर जायचे. काळ्या सार्जंटाचा हुकूम गोऱ्या शिपायाला ऐकावा लागू नये, एवढ्यासाठी ही योजना! तरीही दोन हजारांवर माणसे पुढे आली. कार्टर त्यांत होते.

२३ मार्च १९४५ रोजी जर्मनीतल्या श्पायर गावाजवळ ते ज्या रणगाड्यावर बसून चालले होते त्यावर एका गोदामाच्या दिशेने मारा झाला. मधे उघडे मैदान. तिघांना घेऊन कार्टर पुढे सरकले. एक जण जागीच ठार झाला. उरलेल्या दोघांना त्यांनी माघारी जायला सांगितले, तर त्यांपैकी एक वाटेत मारला गेला आणि दुसरा जबर जखमी झाला. कार्टर एकटे पुढे गेले. अंगावर पाच जखमा घेऊन ते आडोशाला पडून राहिले. आठ जर्मन त्यांना पकडायला आले, त्यांतले सहा त्यांनी लोळवले आणि दोघांना धरले. त्या दोघांची ढाल करून ते मैदान ओलांडून परत आले, आणि कैद्यांकडून शत्रूच्या मांडणीची मोलाची माहितीही मिळाली. या कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. तो मान मोठा खरा, पण दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला, म्हणजे मेडल ऑफ ऑनर, दुसऱ्या महायुद्धात चारशेहून अधिक जणांना दिला गेला. सैन्यात बारा लाखांवर कृष्णवर्णीय होते, त्यांतल्या एकालाही तो तेव्हा मिळाला नाही.

याच्या जोडीला आपल्याकडची एक तारीख ठेवून पाहू. इटलीत ५ एप्रिल १९४५ रोजी लेफ्टनंट व्हर्नन बेकर या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने जर्मन ठाण्यांवर चढाई करून असाच पराक्रम केला. चारच दिवसांनी, ९ एप्रिलला, त्याच इटलीत सेनिओ नदीच्या काठी पहिल्या पाचव्या मराठा पलटणीच्या शिपाई नामदेव जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून सुरक्षित आणले आणि मग मशिनगनची तीन ठाणी बंद पाडली. नामदेवरावांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा जून १९४५ मध्ये झाली. बेकर यांना बावन्न वर्षे थांबावे लागले. इंग्रज फार न्यायी होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. १९११ पर्यंत हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची सोयच नव्हती.

याहून जवळचा धागा सेर्कियो खोऱ्यातला. २६ डिसेंबर १९४४ रोजी सोम्मोकोलोनिया या डोंगरी गावात लेफ्टनंट जॉन फॉक्स यांनी चहूकडून शत्रू चढून आल्यावर तोफांचा मारा स्वतःच्याच ठाण्यावर मागवला आणि ते त्यातच गेले. त्यांची कृष्णवर्णीयांची ९२ वी डिव्हिजन मागे रेटली गेली, तेव्हा फळी सावरायला आठवी भारतीय डिव्हिजन पुढे झाली. पहिली पाचवी मराठा याच डिव्हिजनची पलटण. या फॉक्स यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळायला १९८२ साल उजाडले.

कार्टर युद्धानंतरही सैन्यातच राहिले. चांगले शिकवणारे सार्जंट म्हणून त्यांचे नाव होते. १९४९ मध्ये मुदत संपली आणि ते पुन्हा भरतीला उभे राहिले, तेव्हा त्यांना नकार मिळाला. २१ सप्टेंबर १९४९ रोजी सन्मानपूर्वक मुक्तता झाली खरी, पण वरच्या कार्यालयाच्या परवानगीवाचून परत घेऊ नये, असा शेरा मारून. कारण विचारले तर कारण सांगता येत नाही म्हणाले. पुढची काही वर्षे ते अर्ज करीत राहिले, वकीलही उभा केला. उपयोग झाला नाही. टायर दुरुस्तीच्या धंद्यात काम करीत त्यांनी दिवस काढले आणि ३० जानेवारी १९६३ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. आरोप नाही, सुनावणी नाही, शिक्षा नाही, केवळ एक शेरा.

१९९३ मध्ये अमेरिकन सैन्याने शॉ विद्यापीठाच्या अभ्यासकांकडे एक काम सोपवले. कृष्णवर्णीयांना सर्वोच्च पदक का मिळाले नाही, याचा शोध घ्यायचा होता. कागद धुंडाळून त्यांनी दहा नावे सुचवली, पैकी सात मान्य झाली. मुदत केव्हाच टळून गेलेली असल्याने १९९६ मध्ये काँग्रेसला कायद्याने ती शिथिल करावी लागली. १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सात पदके दिली. हयात होते एकटे बेकर, वय सत्त्याहत्तर. कार्टर यांचे पदक मुलाने घेतले आणि त्यांच्या अस्थी आर्लिंग्टनच्या सैनिकी स्मशानभूमीत नेण्यात आल्या.

वर्तमानपत्रांच्या दृष्टीने गोष्ट इथे संपली. पण सून ॲलीन कार्टर यांना चैन पडेना. ज्याला देशाचा सर्वोच्च सन्मान दिला त्याला १९४९ मध्ये हाकलले का? त्यांनी घरातल्या जुन्या पत्रव्यवहाराचे गठ्ठे सोडले, माहितीच्या कायद्याखाली सरकारकडे अर्ज टाकले, आणि ती गुप्त फाइल बाहेर आली. वर्षानुवर्षे पाळत ठेवूनही कार्टर यांच्या बेइमानीचा एकही पुरावा तिच्यात नव्हता. म्हणजे पदक गळ्यात पडले होते आणि शेरा दप्तरात तसाच बसून होता! आता मागणी दप्तर सुधारण्याची होती.

ही सुधारणा कशी होते हे पाहण्यासारखे आहे. १९४६ पूर्वी अमेरिकेत एखाद्या शिपायाच्या नोंदीतली चूक दुरुस्त करायची तर त्या एकट्यासाठी काँग्रेसमध्ये विधेयक आणावे लागे. त्या साली कायदा होऊन नोंदी सुधारणारी मंडळे निघाली. त्यांवर मुलकी माणसे बसतात, गणवेशातली नव्हेत. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा, पण न्यायासाठी आवश्यक वाटले तर मंडळ उशीर माफ करू शकते. शिपाई हयात नसेल तर वारस अर्ज करू शकतात. पुरावा मात्र अर्जदाराने आणायचा. आणि मुक्ततेच्या मूळ दाखल्यात एखादे पदक राहून गेले असेल, तर साधारणपणे दाखला फाडून नवा लिहीत नाहीत. दुरुस्तीचे वेगळे पत्रक काढून त्याला जोडतात.

मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला ही पद्धत चटकन उमगते. शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख किंवा आडनाव बदलायचे तर वरिष्ठांचा आदेश लागतो. जुनी नोंद वाचता येईल अशी तांबड्या शाईने छेदायची, वर नवी लिहायची, आदेशाचा क्रमांक घालून सही करायची. आमच्या भागात तर एकच आडनाव मराठीत एक, कन्नडमध्ये दुसरे आणि इंग्रजीत तिसरे होऊन बसते. शिपायाच्या कागदातही हेच होते. आपल्या सैन्यात बढती, लग्न, मूल, पदक, जे काही असेल त्याची ‘पार्ट टू ऑर्डर’ निघाली तरच ते रेकॉर्डला चढते. छातीवर पदक आहे आणि कागदावर नाही, किंवा कागदावर आहे आणि हातात कधी पडलेच नाही, अशी दोन्ही टोके त्यातूनच निघतात. म्हणून डिस्चार्ज बुक हा घरच्या सात-बाराइतका जपायचा कागद आहे.

सरकारी दप्तर कायम राहील यावर विसंबणे किती धोक्याचे, तेही अमेरिकेनेच दाखवले. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या सैनिकी दप्तरखान्याच्या सहाव्या मजल्याला आग लागली आणि एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फाइली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात मुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या ऐंशी टक्के नोंदी त्यात गेल्या. नकला काढलेल्या नव्हत्या. तेव्हापासून अशा घरांना पगारपत्रके, कंपन्यांची रोजची हजेरीपत्रके, दवाखान्याचे कागद यांवरून आजोबांचे पद आणि पदके सिद्ध करावी लागतात. कित्येकांच्या बाबतीत पेटीच्या तळाशी राहिलेला दाखला हाच एकमेव पुरावा ठरला.

कार्टर कुटुंबाला न्याय मिळाला तो नोव्हेंबर १९९९ मध्ये. पेंटागॉनमध्ये सैन्याचे उपप्रमुख जनरल जॉन कीन यांनी कुटुंबाची माफी मागितली आणि सुधारलेल्या नोंदींचा संच त्यांच्या हाती ठेवला. सोबत तीन पदके होती. अमेरिकन कॅम्पेन मेडल, म्हणजे युद्धकाळात मायदेशी वर्षभर चाकरी केल्याचे. आर्मी ऑफ ऑक्युपेशन मेडल, म्हणजे पराभूत जर्मनीत किमान तीस दिवस तैनात असल्याचे. ही दोन्ही लाखोंनी वाटली गेलेली पदके, शौर्याशी त्यांचा संबंध नाही. तिसरे होते गुड कंडक्ट मेडल. ते साध्या शिपायांसाठीच असते, अधिकाऱ्यांना मिळत नाही. युद्धकाळात एक वर्षाची चोख वर्तणूक त्याला पुरे. मात्र शिपाई लायक आहे असे त्याच्या कमांडिंग ऑफिसरला मान्य असावे लागते. कार्टर यांनी १९४१ पासून आठ वर्षे सैन्यात काढली होती. सुधारलेल्या दप्तरात त्यांच्या नावापुढे चांगल्या वर्तणुकीची नोंद पडली, तेव्हा त्यांच्या मृत्यूला छत्तीस वर्षे झाली होती.