सहज उच्चारलेला शब्द : कानारीं, खापरी, घाटी



दिवंगत गुरुजींच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानात थोरामोठ्यांची चरित्रे किंवा अभिजात ग्रंथ यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज हलके समजले जाणारे काही शब्द निवडले आहेत. एका समाजाने दुसऱ्या समाजाला दिलेली ही नावे होत. घरच्या ओट्यावर, बाजारात, बसगाडीत, खाणीच्या रस्त्यावर ती सहज उच्चारली जातात, आणि कोणी हरकत घेतली तर उत्तर ठरलेले असते : "अहो, माझ्या मनात तसे काही नव्हते." हे उत्तर प्रामाणिक असू शकते. ते पुरेसे आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आरंभ आपल्याला मिळालेल्या नावांपासून करू. फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला नवे नाही. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. १६१९ साली ते निवर्तले आणि १६४० साली त्याच रायतूरच्या छापखान्यातून त्यांनी लिहिलेले येथील बोलीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथाच्या नावात भाषेला 'कानारीं' असे म्हटले आहे. कानडी मुलुखाचे नाव पोर्तुगीजांनी गोव्याच्या किनाऱ्यावरील लोकांना आणि त्यांच्या भाषेला लावले. ही एक भौगोलिक चूक होती, तीत तुच्छता नव्हती. ज्या ग्रंथकाराने या भूमीच्या भाषेचे इतके गुणगान केले त्याला तिचा अपमान करावयाचा होता, असे कोण म्हणेल? परंतु पुढच्या दोन-अडीच शतकांत हाच शब्द राज्यकर्त्यांच्या तोंडी अवहेलनेचा झाला. लिस्बनला शिकून आलेल्या, पोर्तुगीजात ग्रंथरचना करणाऱ्या गोमंतकीयालाही 'कानारीं' ही हाक झोंबू लागली. शब्दाचा उच्चार तोच राहिला. तो कोण, कोणाला, कोणत्या पायरीवरून म्हणतो, हे बदलले होते.

दुसरा शब्द आपल्या भागाच्या अधिक ओळखीचा. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांकडे गेले आणि आपण 'नव्या काबिजादी'तले झालो. येथील बहुसंख्य प्रजा हिंदू. तिच्यासाठी सरकारी भाषेत 'जेंतीव' हा शब्द होता. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ इतर लोकांपैकी, आणि पुढे रूढ झालेला अर्थ मूर्तिपूजक, ख्रिस्ती नसलेला. १६ डिसेंबर १८८०चा हिंदूंच्या रूढींविषयीचा हुकूमनामाही याच नावाने त्यांचा उल्लेख करतो. हुकूमनामा उतरवून घेणाऱ्या कारकुनाच्या मनात द्वेष असण्याचे कारण नाही. तो आपले काम करीत होता. तथापि ज्याची ओळखच 'जो आपल्यापैकी नाही तो' अशी लिहिली गेली, त्याला समान हक्कांसाठी १९१०च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकापर्यंत वाट पाहावी लागली, हे विसरता येत नाही.

हेतू उदात्त आहे असे स्वतः सांगणारा अपमानही आपण अनुभवला आहे. १९३०च्या वसाहत कायद्यात, वसाहतींमधील मूळ रहिवाशांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे अंगभूत कार्य आहे, अशी घोषणा होती. त्याच वर्षी जुलै महिन्यात लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात त्या कायद्याचा निषेध करणारा ठराव मांडला. ब्रागांझा पोर्तुगीज भाषेचे सिद्धहस्त लेखक होते. "तुम्हाला सुधारण्यासाठीच आम्ही आहोत" या वाक्यातली पायरी त्यांनी अचूक ओळखली.

मुंबईत तर आपल्याच देशबांधवांनी आपल्याला नाव ठेवले. गोव्याहून गेलेल्या ख्रिस्ती खलाशाला, स्वयंपाक्याला, वाजंत्र्याला तेथे 'माकापाव' म्हणत. कोकणीतल्या 'म्हाका पाव' या दोन शब्दांची ही विटंबना. म्हणणारे हसून म्हणत, त्यामुळे ऐकणाऱ्यानेही हसावे अशी अपेक्षा असे. न हसणारा चिडका ठरे.

आता आरसा आपल्याकडे वळवू. 'खापरी' हा शब्द आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. अरबी भाषेत 'काफिर' म्हणजे श्रद्धा न ठेवणारा. अरब व्यापाऱ्यांनी तो शब्द पूर्व आफ्रिकेच्या मुसलमान नसलेल्या रहिवाशांना लावला, पोर्तुगीजांनी त्याचा 'काफ्र' केला, आणि मोझांबिकहून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांबरोबर तो आपल्याकडे उतरला. त्यांच्यापैकी काही जण मालकांच्या जाचाला कंटाळून घाटातल्या रानांत पळाले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजात त्यांचे वंशज आहेत. त्यांच्या बोलीत आजही कोकणी आणि मराठी ऐकू येते. २००३ साली त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. गंमत अशी की 'सिद्दी' हा शब्द 'माझे स्वामी' अशा अर्थाच्या अरबी संबोधनापासून आला, असे मानले जाते. दक्षिणेच्या इतिहासात आफ्रिकेहून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, जंजिऱ्याच्या सिद्दीने भल्याभल्यांना दाद दिली नाही. म्हणजे त्याच आफ्रिकी माणसाला, हाती सत्ता असताना एक नाव आणि पायात बेडी असताना दुसरे. नावे माणसाच्या रंगावरून पडली असे वरवर दिसते, पण ती त्याच्या स्थितीवरून ठरली.

पुढे आपले लोक मोझांबिक, केनिया, युगांडा, टांगानिका येथे कारकून, शिंपी, शिक्षक म्हणून गेले. गोऱ्या अधिकाऱ्याने 'कानारीं' म्हटले की दुखावणारा समाज तेथल्या भूमिपुत्राला 'खापरी' म्हणताना अडखळला नाही. त्या काळच्या थोरांनाही हे भान लगेच आले नाही. दक्षिण आफ्रिकेतील आपल्या सुरुवातीच्या वर्षांत गांधीजींनी तेथील कृष्णवर्णीयांसाठी याच कुळातला शब्द लेखनात वापरला. घाना विद्यापीठाच्या आवारात २०१६ साली बसविलेला त्यांचा पुतळा डिसेंबर २०१८ मध्ये हलविण्यात आला, त्यामागे हे लेखन होते. गांधीजींचे मोठेपण त्यामुळे पुसले जात नाही. परंतु "तेव्हा सगळेच म्हणत" हे उत्तर अक्रा येथील विद्यार्थ्याला का पटले नाही, हे 'कानारीं' ऐकलेल्या समाजाला समजावयास हवे.

ही केवळ जुनी कथा नाही. २०१३च्या ऑक्टोबरअखेरीस एका नायजेरियन तरुणाचा गोव्यात खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरी येथे महामार्ग रोखला. रस्ता अडविण्याबद्दल राग येणे मी समजू शकतो. पण त्या रागात राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली. नंतर दिलगिरी व्यक्त झाली. उपमा मात्र संपूर्ण समाजाला चिकटून गेली होती.

आणि आता अगदी आपल्या अंगणातला शब्द : 'घाटी'. शब्दाची घडण निर्मळ आहे. जो घाटावरचा तो घाटी. चोर्ल्याच्या आणि रामघाटाच्या वाटेने शतकानुशतके बैलांचे तांडे चालत, वरून धान्य उतरे, खालून मीठ आणि नारळ चढे. घाटावरचा माणूस आपल्या भागाला परका नव्हता. नात्यागोत्याने, देवदेवतांनी तो आपल्याशी जोडलेला होता. १९५०च्या दशकापासून लोहखनिजाची निर्यात वाढली. पाळी, वेळगे, सुर्ला, शिरगाव या परिसरात खाणी उभ्या राहिल्या, ट्रकांच्या रांगा लागल्या, मांडवीतून बार्जी निघाल्या. या कामावर घाटमाथ्याचे मजूर आले. पुढे बांधकामावर, मासळी जेटीवर, घरकामाला तेच हात आले. मग 'घाटी' या शब्दातला घाट नाहीसा झाला आणि अडाणी, अस्वच्छ, उपरा एवढाच अर्थ उरला. मुंबईत सातारा-कोल्हापूरकडच्या गिरणी कामगाराच्या आणि हमालाच्या बाबतीत हेच घडले होते. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रकमालक आणि मजूर यांच्या चुली एकाच वेळी थंडावल्या. संकट सामायिक होते, तरी शब्द तसाच राहिला.

मी महाविद्यालयात शिकवीत असताना 'घाटी' या शब्दाची व्युत्पत्ती एकदा वर्गात आली. घाटावरून आलेल्या कुटुंबातील, पण याच तालुक्यात जन्मलेली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर मला म्हणाली, "सर, अर्थ कळला. पण मला तशी हाक मारणारे कोणी घाटाचा अर्थ सांगण्यासाठी मारत नाहीत." शब्दार्थशास्त्रावरचे इतके नेमके विधान मी फार थोड्या ग्रंथांत वाचले आहे.

त्या मुलीच्या म्हणण्याला न्यायालयाचाही आधार आहे. २००८ साली अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एका जातिनामाचा प्रश्न आला. शब्दाची व्युत्पत्ती पाहावयाची नसून वापराने त्याला आलेला लोकरूढ अर्थ पाहावयाचा, असे न्यायालयाने सांगितले. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयापुढे वेगळा पेच होता. एका खाण कर्मचाऱ्याने वाहन लावण्याच्या वादात सहकाऱ्याचा उल्लेख 'काळा माणूस' असा केला होता, आणि नाव ठाऊक नसल्याने केवळ वर्णन केले, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने कसोटी लावली ती बोलणाऱ्याच्या अंतःकरणाची नव्हे. परिस्थिती जाणणाऱ्या समंजस त्रयस्थाला ते शब्द वर्णद्वेषी वाटतील काय, ही ती कसोटी होती.

मग हेतूला काहीच किंमत नाही काय? आहे. कोणाला तुरुंगात पाठवावयाचे असेल तर हेतू तपासलाच पाहिजे. आपल्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही अपमान करण्याचा उद्देश सिद्ध व्हावा लागतो. अजाणतेपणी बोललेल्या म्हातारीला आणि ठरवून हिणवणाऱ्याला एकाच मापाने मोजणे हा अन्याय होईल. हेतूवरून बोलणाऱ्याच्या अपराधाची मात्रा ठरते. ऐकणाऱ्याला काय लागले, हे त्यावरून ठरत नाही. पाटावरवंटा चुकून पायावर पडला तरी हाड मोडतेच. पाडणाऱ्याला आपण शिक्षा करीत नाही, पण तो पाय दुखत नाही असेही म्हणत नाही.

सद्‌हेतूचे सर्वांत बोलके उदाहरण 'हरिजन' या शब्दाचे. गांधीजींनी तो करुणेने स्वीकारला, १९३३ साली त्याच नावाचे साप्ताहिक काढले. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्यास जागा नाही. तरीही जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकाद्वारे हा शब्द कायद्यात येऊ लागला तेव्हा दादासाहेब गायकवाड आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हरकत घेतली, आणि ती बहुमताने फेटाळली गेल्यावर आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग केला. ज्यांना नाव द्यावयाचे त्यांची इच्छा विचारात घ्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९८२ साली केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यांत तो शब्द न वापरण्याच्या सूचना दिल्या. विधानसभेत मागितलेली साधी गोष्ट मिळावयास चव्वेचाळीस वर्षे गेली.

मी भाषेचा अभ्यासक आहे, कोशातून शब्द खरवडून काढावेत असे मी कधीही म्हणणार नाही. 'कानारीं' पुसला तर आपल्या अवमानाचा पुरावा जाईल, 'खापरी' पुसला तर मोझांबिकहून आणलेल्या माणसांच्या यातनांचा. हे शब्द कोशात आणि इतिहासाच्या वर्गात राहावेत. हाक मारताना मात्र माणसाला त्याचे नाव आहे. ते ठाऊक नसेल तर 'भाऊ', 'मामा', 'बाय' अशी संबोधने आपल्या भाषेत मुबलक आहेत. कोणी "मला असे म्हणू नका" म्हटले तर व्युत्पत्ती सांगत बसू नये, शब्द मागे घ्यावा. यात कमीपणा नाही.

आपल्या तालुक्यातल्या शाळांच्या हजेरीपटावर आज घाटमाथ्यावरून आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. ती आपल्या मुलांशेजारी बसून मराठी कविता पाठ करतात. मराठीचा वारसा येथे पुढे नेणाऱ्यांत त्यांचाही वाटा असणार आहे. मधल्या सुट्टीत त्यांना कोणत्या नावाने हाक मारली जाते, याकडे शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. गुरुजी हजेरी घेत तेव्हा प्रत्येकाचे पूर्ण नाव स्पष्ट उच्चारीत, असे आताच प्रास्ताविकात सांगितले गेले. त्यांच्या स्मृतीला याहून योग्य वंदन मला सुचत नाही.