मक्केतला कॉफीचा खटला

रोज कॉफी प्यावी की नाही, हा प्रश्न आता डॉक्टरला कमी आणि मोबाईललाच जास्त विचारला जातो. एका दिवशी कॉफीने आयुष्य वाढतं असा मेसेज येतो, आठवड्याभरात तीच कॉफी हृदयाला घातक ठरते. पाठवणारा बहुतेक वेळा एकच असतो. पण हा प्रश्न आजचा नाही. 1511 साली तो मक्का शहरात उलेमांच्या बैठकीपुढे आला होता, आणि तोही रीतसर खटला म्हणून. हकिमांची साक्ष झाली, साक्षीदारांचे जबाब झाले, आणि आरोपीच्या जागी कॉफीने भरलेलं एक भांडं मध्ये आणून ठेवलेलं होतं.

या खटल्याची हकीकत आपल्याला प्रामुख्याने अब्दुल कादिर अल-जझीरी यांच्यामुळे मिळते. जझीरी हंबली पंथाचे, इजिप्तमधून निघणाऱ्या हज काफिल्याच्या कारभारात काम केलेले गृहस्थ. 1558च्या सुमारास त्यांनी कॉफी हलाल आहे हे दाखवण्यासाठी एक ग्रंथ लिहिला. ते कॉफीच्या बाजूचे होते, हे लक्षात ठेवूनच त्यांना वाचायला हवं. तरी विरोधकांचं म्हणणंही त्यांनी सविस्तर नोंदवलं आहे.

कॉफीचं मूळ झाड इथिओपियाचं, पण तिला पेय म्हणून घडवलं आणि रूढ केलं येमेनच्या सूफींनी. जझीरींनी नोंदवलेल्या हकिकतीत एडनचे एक मुफ्ती मुहम्मद अल-धभानी यांचं नाव येतं. ते काही काळ आफ्रिकेच्या किनाऱ्यावर राहून आले होते. परतल्यावर आजारी पडले तेव्हा त्यांना तिथलं हे पेय आठवलं. ते घेतल्यावर सुस्ती आणि थकवा गेला, अंगात हुशारी आली. मग त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या सूफींनी रात्रीच्या जिक्रसाठी ते प्यायला सुरुवात केली. म्हणजे कॉफीची पहिली शिफारस तब्येतीच्या कारणाने झाली आणि ती एका मुफ्तीने केली. धभानींचा मृत्यू 1470चा. पुढच्या चाळीसेक वर्षांत कॉफी मक्केत आणि कैरोत पोचली. कैरोत अल-अझहरच्या येमेनी विद्यार्थ्यांच्या भागात सोमवारी आणि शुक्रवारी रात्री जिक्रची बैठक बसे. लाल मातीच्या मोठ्या भांड्यात कॉफी असे, पीर छोट्या ओगराळ्याने ती वाटी वाटीने देत आणि वाटी उजवीकडून फिरत जाई.

वाटी अशी हातोहात फिरवणं हेच पुढे अंगाशी आलं. शिवाय ‘कहवा’ हा शब्द जुन्या अरबी कवितेत दारूसाठीही वापरला जाई. नाव दारूचं आणि पिण्याची रीतही दारूच्या मैफलीसारखी, त्यामुळे संशयाला जागा होतीच.

जून 1511च्या एका रात्री मक्केचा मुहतसिब खैर बेग तवाफ करून, जमजमचं पाणी पिऊन घरी निघाला होता. मुहतसिब म्हणजे बाजारातली वजनंमापं आणि लोकांची सार्वजनिक वागणूक यांवर नजर ठेवणारा अधिकारी. मशिदीच्या आवारात त्याला काही लोक कंदील लावून बसलेले दिसले. त्याला पाहताच त्यांनी कंदील विझवले. चौकशीत कळलं की ते कॉफी पीत होते. दुसऱ्या दिवशी त्याने शहरातल्या उलेमांना बोलावलं.

इथे फिकहचा एक नियम आडवा आला. अल्लाहने निर्माण केलेली वस्तू मुळात मुबाह, म्हणजे वापरायला मोकळी असते. ती हराम ठरवायची तर तसा पुरावा लागतो, आणि तो पुरावा हराम म्हणणाऱ्याने द्यायचा. कुरआनात कॉफीचं नाव नाही, हदीसमध्ये नाही. मग दोनच वाटा उरल्या. एकतर कॉफीने नशा येते हे दाखवायचं, किंवा तिने शरीराला अपाय होतो हे सिद्ध करायचं. जमलेल्या उलेमांनी बैठका चुकीच्या आहेत हे चटकन मान्य केलं. पण खुद्द कॉफीबद्दल ते म्हणाले की हे आमचं क्षेत्र नाही, हकिमांना विचारा. मला या हकिकतीत सगळ्यात भावतं ते हे उत्तर. आपल्याला जे कळत नाही त्यावर फतवा द्यायचा नाही, एवढं भान त्या खोलीत होतं.

हकीम आले ते काझरूनचे दोघे भाऊ, शहरातले नावाजलेले. युनानी वैद्यकाप्रमाणे शरीरात दम, बलगम, सफरा आणि सौदा असे चार अखलात असतात, आणि प्रत्येक पदार्थाचा एक मिजाज असतो. भावांनी साक्ष दिली की बुन्न, म्हणजे कॉफीचं बी, सर्द आणि खुश्क आहे. त्यामुळे सौदा वाढतो आणि चांगला समतोल मिजाज बिघडतो. त्यावर बैठकीतल्या एकाने हरकत घेतली. अकराव्या शतकातले बगदादचे हकीम इब्न जझला यांनी बुन्न गर्म-खुश्क सांगितलं आहे, ते बलगम कमी करतं, मग तुमचं म्हणणं कसं जुळतं? भावांनी उत्तर दिलं की तो बुन्न वेगळा, हा वेगळा.

एकाच बीला एक हकीम गरम म्हणतो, दुसरा थंड म्हणतो, आणि दोघांपैकी कोण बरोबर हे तपासायचं साधन कुणाकडेच नाही. ज्या बाजूला सत्ता होती त्या बाजूची साक्ष टिकली. पिणाऱ्यांचा अनुभव उलट होता, पण तो नोंदवायला तिथे कुणी उत्सुक नव्हतं. उत्सुकता होती ती कॉफीने आपलं डोकं कसं फिरलं हे सांगणाऱ्यांचे जबाब घेण्याची. त्यातला एक बहाद्दर तर म्हणाला की कॉफीने अगदी दारूसारखी नशा येते. लोक हसले. दारूची नशा कशी असते हे तुला कसं ठाऊक, असं विचारल्यावर त्याने दारू प्यायल्याचं कबूल केलं आणि शिक्षा ओढवून घेतली.

शेवटी कॉफी हराम ठरली. मक्केत पोती जाळली, विकणाऱ्यांना मारहाण झाली आणि बैठकीचा कागद कैरोला सुलतान कानसूह अल-गौरीकडे गेला. तिथून आलेलं फर्मान मात्र खैर बेगला हवं तसं नव्हतं. त्यात मैफलींना मनाई होती, खुद्द कॉफीला नव्हती. जमजमचं पाणीसुद्धा तशा रीतीने प्यायलं तर ते गैरच ठरेल, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्या वर्षी खैर बेगच्या जागी दुसरा अधिकारी आला आणि मक्केतले लोक पुन्हा उघडपणे कॉफी पिऊ लागले.

खटला तब्येतीच्या नावाने चालला, पण खैर बेगला खटकलं होतं ते अंधारात जमलेलं माणसांचं टोळकं. इस्तंबूलमध्ये 1633 साली सुलतान चौथ्या मुरादने कॉफीखाने बंद केले तेव्हा निमित्त आगीचं होतं, भीती तिथे चालणाऱ्या राजकीय गप्पांची होती. लोकांच्या प्रकृतीची काळजी सत्तेला अशा वेळीच का वाटू लागते, हे आपणही पाहत असतो.

प्रामाणिकपणे तब्येतीचा विचार करणारेही होते. अंताकियाचे दाऊद हे दृष्टिहीन हकीम कैरोत मोठ्या मानाने राहिले आणि 1599 साली वारले. त्यांनी कॉफीचे गुण लिहिले तसे दोषही लिहिले. खोकला-पडसं सुकतं, अडथळे मोकळे होतात. पण डोकं दुखतं, झोप उडते, अंग वाळतं, मूळव्याध होते. सोबत गोड खावं, पिस्त्याचं तेल आणि लोणी घ्यावं, हा त्यांचा सल्ला. मात्र कॉफीत दूध घालू नये, त्याने कोड किंवा महारोगाची भीती असते, असंही ते म्हणतात. आपल्याकडची घट्ट दुधाची कॉफी पाहून त्यांनी काय लिहिलं असतं कोण जाणे. पुढे 1656 साली तुर्की विद्वान कातिब चेलेबी यांनी सरळ सांगितलं की दमट मिजाजाच्या माणसाला कॉफी मानवते, खुश्क आणि सौदावी मिजाजाच्या माणसाला जास्त प्रमाणात मानवत नाही, त्याने घ्यायचीच तर साखर घालून घ्यावी. मिजाजाची ती भाषा आता उरली नाही, पण कुणाला आणि किती हा त्यांचा प्रश्न बरोबर होता.

हिंदुस्थानात कॉफी अरबी समुद्रातून आली. जहांगीरच्या दरबारी आलेल्या सर टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी याने लिहून ठेवलंय की दारूला न शिवणारे धार्मिक लोक इथे काळ्या बियांचं पाणी उकळून पितात. चव फारशी नसते, पण पचनाला आणि मनाला ते चांगलं. 1689 साली सुरतेला आलेल्या ओव्हिंग्टनला तिथले बनियेही चहा-कॉफी पिताना दिसले. कॉफीच्या बियांना जुन्या मराठीत ‘बुंद’ म्हणत, तो काझरूनी भावांचाच बुन्न. बाबा बुदन यांनी हजहून सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ती आख्यायिका आहे, पण डोंगराला नाव त्यांचंच आहे.

मग आज हकीम काय म्हणतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1991 साली कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयितांत टाकलं होतं. 2016 साली पुरावा पुन्हा तपासून तो संशय मागे घेतला. पंचवीस वर्षांनी का होईना, आपला निकाल फिरवायची तयारी दाखवली. त्याच वेळी 65 अंशांहून गरम कुठलंही पेय अन्ननलिकेला धोक्याचं असू शकतं असं तिने सांगितलं, म्हणजे दोष उकळत्या घोटाचा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली निरोगी प्रौढासाठी दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत चिंता नाही असं म्हटलं, साधारण चार कप. गरोदर बाईसाठी 200 मिलिग्रॅम. रोज कॉफी पिणाऱ्यांत टाईप दोनचा मधुमेह आणि यकृताचे आजार कमी दिसतात, असं अनेक पाहण्यांत आढळलं आहे. पण ते कॉफीमुळेच, असं या पाहण्या ठामपणे सांगू शकत नाहीत.

बनवण्याच्या रीतीनेही फरक पडतो. बियांची पूड पाण्यात उकळून केलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक उतरतो आणि तो कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी गाळणीत तो बराचसा अडकतो. मक्केतल्या त्या भांड्यात बियांची कॉफी होती असं धरलं, तर काझरूनी भावांच्या हाती एक खरा मुद्दा होता, फक्त त्यांना तो माहीत नव्हता. आपल्या घरांत दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जेवणाबरोबर कॉफी किंवा चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. पंडुरोगाने फिकट पडलेल्या आपल्या आया-बहिणींनी जेवण आणि कप यांत तासाभराचं अंतर ठेवलं तरी फायदा होईल. आणि एका कपात तीन चमचे साखर जात असेल तर आधी साखरेचा हिशेब करावा, मग कॉफीचा.

सूफींना जागवणारं कॅफिन मेंदूला थकव्याचा निरोप पोचू देत नाही. थकवा मात्र तसाच साठून राहतो. निम्मं कॅफिन अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून अस्रनंतरचा कप रात्री झोपेत आडवा येतो. रोजची सवय एकदम तुटली की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकू लागतं. रमजानच्या पहिल्या दोन-तीन रोज्यांना दुपारनंतर डोकं धरून बसणाऱ्यांना वाटतं की हे भुकेने होतंय. पुष्कळदा ते सुटलेल्या कपाचं असतं. शाबानच्या शेवटच्या पंधरवड्यात थोडी थोडी कॉफी कमी करत नेली तर पहिल्या रोज्याची दुपार सोपी जाते.