पक्षाघातोत्तर स्कंधवेदना व भौतिकी चिकित्सा

पक्षाघातानंतर शरीराच्या लुळ्या पडलेल्या बाजूच्या खांद्यात उद्‌भवणाऱ्या दुखण्यास ‘पक्षाघातोत्तर स्कंधवेदना’ म्हणतात. या दुखण्याने रुग्णाची झोपमोड होते, व्यायाम टळतो आणि हाताची उरलीसुरली हालचालही गमावण्याचा धोका असतो. त्यावरील उपचारांचा इतिहास मुख्यत्वे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

स्कंधसंधीची खळगी उथळ असल्याने दंडाचे हाड जागेवर राहण्यासाठी स्नायूंचा आधार आवश्यक असतो. लोंबता हात खाली का निसटत नाही, याचा उलगडा जे. व्ही. बस्माजियन व एफ. जे. बझांट यांनी १९५९ मध्ये स्नायूंतील विद्युत् क्रियेच्या नोंदींवरून केला. खळगीचा उतार, सांध्याच्या आवरणाचा वरचा भाग व खांद्याच्या पात्यावरील एक लहान स्नायू हे मिळून हाड अडवून धरतात, असे त्यांना आढळले. पक्षाघातात स्नायू शिथिल पडले, की हाड अंशतः खाली सरकते. पुढे स्नायूंत ताठरपणा येऊन हात छातीकडे ओढला जातो व सांधा आखडतो.

पूर्वी निरोगी बाजूने कामे करण्यास शिकविण्यावर भर असे व लुळा हात झोळीत बांधला जाई. बर्टा बोबाथ (१९०७–९१) यांनी लंडनमध्ये १९४० नंतरच्या दशकात बाधित बाजूवरच उपचार सुरू केले. त्यांचा प्रौढांच्या पक्षाघातावरील ग्रंथ व सिग्ने ब्रून्स्ट्रॉम (१८९८–१९८८) यांचा ग्रंथ हे दोन्ही १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. हात उचलण्यापूर्वी खांद्याचे पाते सैल करून हलवावे, ही शिकवण बोबाथ पद्धतीतून रुजली.

व्यायामही अपायकारक ठरू शकतो, हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने दाखविले. त्यातील २८ रुग्णांपैकी डोक्यावरील कप्पीने हात ओढणाऱ्या गटात ६२ टक्के रुग्णांना वेदना सुरू झाल्या. चिकित्सकाने हलक्या हाताने हालचाल करविलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ मधील मार्गदर्शनातही कप्पीचा व्यायाम टाळण्यास सांगितले आहे.

विद्युत् उद्दीपनाने दुखण्याविना हात बाहेर वळविण्याची कक्षा वाढते. पण वेदना घटल्याचा निश्चित पुरावा २००० च्या पुनरावलोकनात मिळाला नाही. झोळीसारख्या आधारांविषयीचा पुरावाही २००५ मध्ये अपुरा ठरला. त्यामुळे लुळ्या हाताला धरून रुग्णास न ओढणे, बसताना हाताखाली आधार देणे व वेदनेच्या मर्यादेत हालचाल करविणे, ही दक्षता पहिल्या दिवसापासून घेणे इष्ट ठरते. ती रुग्णाच्या कुटुंबियांनाही शिकवावी लागते.