कामगारांच्या अस्थींचा कोनाडा

रोमच्या वेशीबाहेर, आप्पिया रस्त्यालगत, १७२६ साली एक दालन उजेडात आलं. भिंतींत खालपासून वरपर्यंत अर्धगोल कोनाड्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक कोनाड्याच्या तळाशी बांधकामातच मातीची मडकी गळ्यापर्यंत बसवलेली, बहुतेक ठिकाणी दोन-दोन. मडक्यांत दहनानंतर उरलेल्या अस्थी होत्या आणि कोनाड्याखाली नावाची छोटी पाटी. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या पदरच्या गुलामांचं आणि गुलामगिरीतून सुटलेल्या सेवकांचं हे अस्थिगृह. कित्येक पाट्यांवर नावाला जोडून कामही कोरलेलं आहे: सोनार, शिवणकाम करणारी, केस विंचरणारी, वैद्य. चर्चच्या भिंतीत कलश ठेवण्याची जी पद्धत आज जगभर दिसते, तिचं मूळ अशा दालनांत आहे.

ही दालनं इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दशकांत दिसू लागली. रोम तेव्हा माणसांनी फुगलं होतं. शहराच्या आत अंत्यसंस्कार करायला जुन्या कायद्यानं बंदी होती आणि वेशीबाहेरच्या रस्त्यालगतची जागा गरिबाच्या आवाक्यात नव्हती. श्रीमंतांनी थडगी बांधली. परमुलखातून आलेल्या, हातावर पोट असलेल्या माणसांनी एकत्र येऊन भिंत वाटून घेतली. त्यासाठी त्यांची मंडळं असत. रोमजवळच्या लानुवियम गावातल्या अशा एका मंडळाचे नियम इ.स. १३६ च्या शिलालेखात वाचायला मिळतात. प्रवेश फी १०० सेस्टर्स नाणी आणि सोबत चांगल्या मद्याचा एक रांजण, मग दरमहा ५ आस हा चिल्लर हप्ता. सभासद गेला की त्याच्या अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स मंजूर होत. आपल्याकडची भिशी ज्याने लावली आहे, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. फरक इतकाच, की इथे ज्याचा नंबर लागे तो ती रक्कम स्वतः मोजून घ्यायला नसे.

ख्रिस्ती समाजाने मात्र सुरुवातीपासून दफनच पत्करलं. येशूला कबरीत ठेवलं होतं आणि शेवटच्या दिवशी देहाचं पुनरुत्थान होणार ही श्रद्धा होती. रोमन समाजही दुसऱ्या-तिसऱ्या शतकात दहनाकडून दफनाकडे वळला आणि कोनाडे ओस पडले. इ.स. ७८५ च्या सुमारास शार्लमेनने सॅक्सनीत दहन करणाऱ्याला देहदंडाची शिक्षा फर्मावली. पुढे हजार वर्षांनी युरोपात दहनाच्या भट्ट्या आल्या. इटलीत चर्चविरोधी गट दहनाचा हिरिरीने प्रचार करू लागले, तेव्हा १८८६ मध्ये रोमने कॅथलिकांना दहनाची मनाई केली.

कोनाडा मात्र चर्चमध्ये दुसऱ्या वाटेने टिकून राहिला. मुंबई, वसई आणि गोव्यात दफनभूमीची जागा पिढ्यान्‌पिढ्या तेवढीच आहे. म्हणून दफनानंतर काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं गोळा करतात आणि पेटीत घालून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. मुंबईचे कॅथलिक त्याला सरळ ‘निश’ म्हणतात. वर संगमरवरी फरशी, तीवर नाव आणि दोन तारखा. मांडीचं हाड दीड फुटाच्या आसपास असतं, त्यामुळे हा कोनाडा तेवढा खोल धरावा लागतो. दहनानंतरची रक्षा दोन-तीन किलो भरते आणि छोट्या कलशात मावते. म्हणजे एकाच्या हाडांच्या जागेत घरातल्या तिघाचौघांचे कलश सहज राहतात.

मराठी ख्रिस्ती माणसाला दहन परकं कधीच नव्हतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं आणि अस्थी नगरला नेल्या. ते प्रोटेस्टंट होते, रोमची मनाई त्यांना लागू नव्हती. कॅथलिकांसाठी ती १९६३ मध्ये उठली. पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहन करू नये, एवढीच अट राहिली. २०१६ मध्ये रोमने पुढचं स्पष्ट केलं: रक्षा उधळायची नाही, घरी ठेवायची नाही, दफनभूमीत किंवा चर्चने राखलेल्या पवित्र जागेत ठेवायची. कारणही दिलं. मृताचं नाव समाजाच्या प्रार्थनेतून गळून पडू नये. जुलै २०२० मध्ये केरळच्या आलप्पुळा धर्मप्रांताने करोनाने गेलेल्यांचं चर्चच्याच दफनभूमीत दहन करायचं ठरवलं, कारण त्या पाणथळ किनाऱ्यावर खोल खड्डा खणणं अवघड होतं.

हे सगळं पिंपरी-चिंचवडला अगदी जवळचं आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मागोमाग टेल्को आणि बजाज आल्या, पुढे चाकणचा पट्टा उभा राहिला. नगरकडचे मराठी ख्रिस्ती, मल्याळी, तमिळ आणि गोव्याची माणसं कामासाठी इथे आली आणि इथेच राहिली. १९९१ साली शहराची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये ती सव्वासतरा लाखांवर गेली. या वाढीत जमीन सगळ्यांनाच अपुरी पडते, दफनभूमीला तर आधी. गावी नेऊन पुरावं, तर मुलंनातवंडं इथे. मग २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मेणबत्ती लावायला गावी कोण जाणार?

दफन हवं असेल त्याला दफन मिळावं, यात वाद नाही. पण जो दहन पत्करतो, त्याची रक्षा कपाटात किंवा नदीत जाऊ नये. तिच्यासाठी चर्चच्या आवारात भिंत हवी. चाकण, मोशी, तळेगावकडे नवं चर्च बांधताना सभागृह आणि वाहनतळ आराखड्यात पहिल्याच दिवशी येतात, तशी ही भिंतही यावी. तिचा खर्च देणगीदाराच्या मर्जीवर सोडू नये. लानुवियमसारखी दरमहा छोटी वर्गणी ठेवावी, म्हणजे कंत्राटी कामगाराच्या घरालाही तिच्यात हक्काची जागा मिळेल. आणि फरशीवर नाव आणि तारखांसोबत कामही लिहावं: टर्नर, फिटर, वेल्डर, नर्स, शिवणकाम. लिव्हियाच्या घरच्या माणसांनी ते अभिमानाने लिहिलं, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही ती कोण होती हे आपण सांगू शकतो. हे शहर ज्यांनी घडवलं, त्यांच्या नावापुढे त्यांचं काम लिहिणं हे या शहराचं देणं आहे.