फड काढायचा म्हणजे...

परवा रविवारी सकाळी सकाळी पुतण्याचा फोन आला. आवाज चांगलाच तापलेला होता. "आबा, आता तुम्हीच समजवा याला. पुण्याची चांगली नोकरी सोडून हा वाजंत्रीवाला व्हायला निघालाय!"

'याला' म्हणजे त्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या नातवालाच. पोरगा इंजिनिअर आहे. त्याला स्वतःची लाईट-साउंडची गाडी घ्यायची आहे आणि जोडीला एक ऑर्केस्ट्रा उभा करायचा आहे. लग्नं, यात्रा, गणपती, नवरात्र, पुढाऱ्यांचे वाढदिवस... कामाला तोटा नाही, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, पाठव त्याला संध्याकाळी माझ्याकडे.

आता मंडळी, मी जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. बी.ए. मराठी. धंद्यातलं मला काय कळतं? पण दुपारभर विचार करत बसलो आणि लक्षात आलं, की करमणुकीचा धंदा स्वतःच्या हिमतीवर कसा उभा राहतो याचं मोठं उदाहरण तर आमच्या संगमनेरातच होतं. आणि मी ते पस्तीस वर्षांत एकदाही वर्गात सांगितलं नव्हतं.

संगमनेर हे अनंत फंदीचं गाव. पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजलेली पवळा आमच्याच तालुक्यातल्या हिवरगावची. म्हणजे शाहिरी, लावणी, तमाशा हे आमच्या मातीतलंच. पण मला आठवल्या त्या कांताबाई सातारकर.

कांताबाईंचा जन्म 1939 सालचा, गुजरातेतला. आईवडील दगडाच्या खाणीवर मजुरी करायचे. बालपण साताऱ्यात गेलं, मेळ्यात नाचता नाचता त्या तमाशाकडे वळल्या आणि 1953 च्या सुमारास तुकाराम खेडकरांच्या नावाजलेल्या फडात आल्या. पुढे खेडकरांशी संसार झाला, मुलं झाली. आणि 1964 साली खेडकर गेले. वय कोवळं, पदरी लहान मुलं, आणि ज्या फडात त्या नायिका होत्या त्या फडात आता जागा नाही. मग दुसऱ्यांच्या फडात कामं करून दिवस काढले आणि 1969 साली या बाईनं स्वतःचा फड काढला. नाव ठेवलं 'तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर'. नवऱ्याचं नाव आधी, आपलं मागून. पुढे संगमनेर हेच त्यांचं गाव झालं आणि मुलगा रघुवीर खेडकर यांनी तो फड नेटानं चालवला.

'फड काढला' हे आपण किती सहज म्हणतो! आमच्या जिल्ह्यात 'फड' शब्द दोन ठिकाणी रोजच्या बोलण्यात येतो. एक उसाचा फड, दुसरा तमाशाचा. दोन्हीकडे आणखी एक शब्द सारखाच आहे, 'उचल'. ऊसतोड मजूर मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतो, तसे तमाशातले कलावंतही हंगाम सुरू होण्याआधी फडमालकाकडून उचल घेतात. नाचणाऱ्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, तंबू ठोकणारे गडी, स्वयंपाकी, ड्रायव्हर. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं. म्हणजे पहिल्या खेळाचं पहिलं तिकीट फाटायच्या आधीच मालकाचे लाखो रुपये वाटून झालेले असतात. हे पैसे आणायचे कुठून? फड बँकेकडे तारण काय ठेवणार? तंबू, कनाती आणि जुन्या ट्रका? त्यामुळे बहुतेक फडमालकांची वाट सावकाराच्या दारातच जाऊन थांबली.

हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. सुरुवातीला गावोगाव तंबू ठोकून तिकिटावर खेळ. पण खरी कमाई यात्रांची. फाल्गुन-चैत्रात पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच तिथे येतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरते. गंमत अशी, की भाव नुसता कलेवर ठरत नाही, तिथीवरही ठरतो. चैत्री पौर्णिमेला किंवा अष्टमीला पन्नास गावांच्या यात्रा एकाच दिवशी, आणि फड तर एका रात्री एकाच गावात उभा राहणार. त्या तिथीला भाव चढतो, एरवीच्या दिवशी पडतो. वर्षभराच्या उचलीची फेड जवळजवळ या यात्रांच्या दीड-दोन महिन्यांवर. त्यात एखादा वळवाचा पाऊस आला, गावात भांडण झालं, निवडणुकीची आचारसंहिता लागली, की एक रात्र गेली ती गेलीच. आणि खेळ झाला नाही तरी शंभर माणसांची चूल पेटवावीच लागते.

आता मी काय शिकवत होतो ते सांगतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला 'सीता स्वयंवर' केलं, पुढे 1851 ला चिंतामणराव पटवर्धन वारले, राजाश्रय सुटला, मग भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि 1853 साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. हे मी दरवर्षी रंगवून सांगायचो. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी 1913 सालची. त्यांचे भरजरी शालू, अत्तरं आणि डोक्यावरचा कर्जाचा डोंगर, हे सांगताना तर माझा गळा भरून यायचा! पण तमाशाचा फडमालक कर्जात बुडाला की आम्हीच म्हणायचो, "तमासगिरांचं असंच असायचं." कर्ज एकच. एकाचं औदार्य ठरलं, दुसऱ्याचा उधळेपणा. का? याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. नाटक मंडळीत बसणारे कोण होते आणि फडात नाचणाऱ्या कोणत्या वस्तीतून आल्या होत्या, एवढाच फरक.

आमच्याच जिल्ह्यात प्रवरेला 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्यांचे शेअर्स, पाठीशी सरकार. त्याचा अभिमान मलाही आहे. पण करमणुकीचा हा एवढा मोठा धंदा, शेकडो माणसं पोसणारा, त्याला 'उद्योग' म्हणावं असं मात्र आम्हाला कधी सुचलं नाही.

आता थोडं माझ्याबद्दल. हे आजवर घरातही कोणाला बोललो नव्हतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एका खेड्यातल्या शाळेत होतो. सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. आई कुठल्याशा फडात नाचायला. मुलगी जूनमध्ये यायची आणि दसरा आला की गायब. अभ्यासात बरी होती आणि हिशेबात तर पक्की. कोणत्या तिथीला कोणत्या गावची यात्रा, हे ती पाढ्यांसारखं म्हणून दाखवायची. गणिताचे मास्तर रजेवर म्हणून एकदा मी सरळव्याजाचं उदाहरण घातलं. अमुक मुद्दल, दरसाल दरशेकडा अमुक दर. ती उभी राहिली नि म्हणाली, "गुरुजी, दरसाल कसं? दरमहा असंल ना?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, "बाई, हे गणिताचं पुस्तक आहे, सावकाराची वही नव्हे."

ती खाली बसली. त्या वर्षी दसऱ्यानंतर ती नेहमीप्रमाणे गेली आणि मी हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा मारून तिचं नाव कमी केलं. नियमाला धरूनच केलं. पुढच्या जूनमध्ये ती आली नाही. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि फडाचं दसऱ्याला, दोन्हींचा मेळ तिनं घालायचा की आम्ही, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. आज पडतो. त्या वर्गात व्याज म्हणजे काय हे एकट्या तिलाच कळत होतं.

कांताबाईंचा फड मी पाहिला तो त्यानंतर, एका यात्रेत. मागच्या रांगेत, तोंडाला मफलर गुंडाळून! मास्तर तमाशाला आला म्हणून बोभाटा नको. वगात त्या शिवाजी महाराज झाल्या होत्या. मी बघतच राहिलो. पण घरी येऊन कोणाला सांगितलं नाही.

विठाबाई नारायणगावकर 2002 साली हलाखीतच गेल्या. त्यांच्या नावानं राज्य सरकारनं 2006 मध्ये जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो पहिला कांताबाईंना मिळाला. मग 2020 चा गुढीपाडवा आला, 25 मार्च. देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवस तोच! उचल वाटून झालेली आणि यात्रा एकजात रद्द. पुढच्या वर्षीही तेच. 25 मे 2021 रोजी कांताबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, म्हणजे फडाच्या हंगामाचा शेवटचा दिवस. तो हंगाम तर झालाच नव्हता.

असो.

संध्याकाळी नातू आला. हे सगळं त्याला सांगितलं. पोरगा मुकाट्यानं ऐकत होता. मग मी विचारलं, "भांडवल किती?" म्हणाला, चार लाख कमी पडतात, ओळखीतले एकजण देणार आहेत, तीन टक्क्यांनी.

मी विचारलं, "दरसाल की दरमहा?"

तो खाली बघायला लागला. "दरमहा, आबा. पण पप्पांना सांगू नका."

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. चार लाखांवर दरमहा तीन टक्के म्हणजे महिन्याला 12 हजार, वर्षाला 1 लाख 44 हजार. लग्नसराई संपली की आषाढ-श्रावण कोरडे, गणपतीपर्यंत काम नाही, पण व्याज चालूच. वादक आणि गड्यांना त्या काळात काय देणार? रात्री दहाला स्पीकर बंद, मग एका रात्रीत किती तास? पाऊस आला तर बयाणा परत की अर्धा? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे नव्हती. पण त्यानं एकेक लिहून घेतलं, हे मला आवडलं.

मी पुतण्याला फोन करून सांगितलं, "मी त्याला नको म्हणणार नाही. वाजंत्रीवाला हा शब्द मात्र पुन्हा काढू नकोस. त्या माणसाकडून पैसे घेणार नाही, असं त्यानं मला कबूल केलंय. सोमवारी आम्ही दोघं बँकेत जातोय, मुद्रा कर्जाचं विचारायला. आणि पहिलं वर्ष नोकरी सांभाळून शनिवार-रविवारच करायचं, असं ठरलंय." पुतण्या काही बोलला नाही. रागावला असेल. निवळेल.

ती मुलगी आता साठीच्या घरात असेल. कुठे असेल कोण जाणे. तिचा प्रश्न बरोबर होता, एवढंच तिला सांगायचं राहून गेलं.