कैची न लावलेलं कापड

आजीच्या पेटीत चार लुगडी. एक कळंबच्या चिंतामणीच्या पायऱ्या उतरताना नेसायचं, एक घरातलं, एक वावरातलं. चौथं नेसण्यापलीकडे गेलेलं. त्याची वाकळ व्हायची, वाकळ विरली की पोतेरं. ‘कैची लावशीन तं पुढं काईच होत नाई,’ ती दटावायची. नऊ वार अखंड कापड, ना बटण ना शिवण, म्हणून त्याला इतके जन्म.

पुतणी कपड्यांचं डिझाइन शिकून आलीय. स्कॉटलंडमधली मंडळी घराण्याच्या चौकडीवरून कपडे करतात, तसं तिला आपल्या घराण्याचं करायचंय, तेही टिकाऊ. मी म्हटलं, नक्षी राहू दे, आधी कापूस बघ.

आजीनं तिच्या आजीकडून ऐकलेलं असं: वावरातला कापूस पिंजायचा, घरी सूत काढायचं, महारवाड्यातल्या विणकराकडे द्यायचं. वऱ्हाडचा देशी कापूस आखूड धाग्याचा, पण कमी पावसात तग धरणारा, हातसुताला पुरेसा. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्या कापसाला मोताद झाल्या आणि साहेबाची नजर वऱ्हाडाकडे वळली. रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस-आयुक्तच नेमला गेला. इथून गाठी जाऊ लागल्या, तिकडून स्वस्त थानं येऊ लागली. माग थंडावले. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल निघाली, तिथे कितीतरी विणकर मजूर झाले.

विणकराच्या हाताचं आजी फार कौतुक करी. तो कापड उंबऱ्याबाहेरूनच द्यायचा, हे मात्र ओघात सांगून पुढे सरके. वारसा मिरवायचा तर हेही त्यात आलंच.

2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि देशी बियाणं आणखी मागे पडलं. वर्ध्याचं मगन संग्रहालय, 1938 साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं, अजून नैसर्गिक रंगांच्या खादीत रमलेलं आहे. 2024 पासून कळंबहून वर्ध्याला रेल्वे झाली, त्यामुळे पुतणीच्या फेऱ्या वाढल्यात.

तिचा पहिला सदरा जुन्या बंडीच्या कापाचा: सगळे तुकडे चौकोनी, टाके उसवता येतील असे, चिंधी एकही नाही. बाह्या ढगळ दिसतात, मी सांगितलं; तिनं ऐकलं नाही. सध्या घरात वाद किमतीचा आहे. विणकराची पुरती मजुरी धरली की सदरा बाजारभावाच्या कितीतरी वर जातो, आणि मजुरीला हात लावायला ती तयार नाही.