टक्कर झाली? पुन्हा पाठवा!

हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक होनोलुलूजवळच्या मानोआ आवारात आणि तो वापरू पाहणारी महाविद्यालये बेटाबेटांवर विखुरलेली. मध्ये पॅसिफिक महासागर. टेलिफोनच्या लाइनचे भाडे भरमसाट, त्यात खरखर. शिवाय टर्मिनलसमोरचा माणूस बराच वेळ नुसता विचार करत बसतो. त्या रिकाम्या वेळेचेही पैसे मोजायचे! १९६८ मध्ये याच विद्यापीठातले नॉर्मन अब्रॅमसन, फ्रँक कुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओचा घाट घातला.

अडचण अशी, की सगळ्या टर्मिनलांना बोलायला एकच चॅनेल. दोघे एकदम बोलले, की दोघांचाही मजकूर मातीत. अशा वेळी पाळ्या लावून द्यायच्या, ही सरळ वाट. अब्रॅमसन यांनी ती सोडली. ज्याला बोलायचे त्याने खुशाल बोलावे, टक्कर झालीच तर पुन्हा बोलावे!

मजकूर छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाई. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त ८० अक्षरे. ओळख आणि पडताळणीचे बिट धरून एकूण ७०४ बिट. सेकंदाला ९,६०० बिटच्या वेगाने ते साधारण ७३ मिलिसेकंदांत जात. मानोआतला ‘मेनेहुने’ हा छोटा संगणक पडताळणी करी आणि पॅकेट धड असेल तरच पोच देई. बिघडलेल्या पॅकेटबद्दल तो चकार शब्द काढत नसे. पोच आली नाही, की टर्मिनल थोडे थांबून तेच पॅकेट पुन्हा सोडी. किती थांबायचे, हे मात्र दर वेळी नशिबावर. दोघेही सारखेच थांबले असते, तर पुन्हा एकमेकांवरच आदळले असते. सगळी मेख या अनिश्चित थांबण्यात होती.

जून १९७१ मध्ये हे जाळे ‘अलोहानेट’ या नावाने सुरू झाले. गणिताने या पद्धतीत चॅनेलची जेमतेम १८ टक्केच क्षमता हाती लागते. आकडा लाजिरवाणा खरा, पण बहुतेक वेळ गप्प असणाऱ्या टर्मिनलांना तेवढी पुष्कळ होती. पुढे संशोधक लॅरी रॉबर्ट्स यांनी वेळेचे ठरावीक तुकडे पाडून त्यांच्या सुरुवातीलाच बोलायची अट घातली आणि मर्यादा दुप्पट झाली. लांबच्या टर्मिनलांसाठी पॅकेट ऐकून पुढे धाडणारे रिपीटरही आले.

१९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी हीच कल्पना तारेत आणली. आधी कानोसा घ्या, मग बोला, ही भर घालून. त्या जाळ्याचे पहिले नाव ‘ऑल्टो अलोहा नेटवर्क’. नंतर ते इथरनेट झाले.

जीएसएम मोबाइलही कॉल लावताना टॉवरला पहिली हाक रॉबर्ट्स यांच्या त्या वेळेचे तुकडे पाडण्याच्या रीतीनेच देतो.